९एच सिरॅमिक कोटिंग: २८ हजार घालावेत का?

शेंडेफळ_नाशिक

नमस्कार मंडळी. दसऱ्याला नवी गाडी घेतोय, काळी (हट्ट लेकीचा). कर्ज मंजूर झालं, आणि काल शोरूममधल्या पोराने हळूच एक गुळगुळीत कागद पुढे सरकवला. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर), ९एच, "हिऱ्याच्या खालोखाल कडक", पाच वर्षं ओरखडा नाही, गाडी धुवायचीही गरज नाही. २८ हजार, वर १८ टक्के जीएसटी. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: बॉनेटवर लायटरचं तेल ओतून पेटवलं, फडका मारला, रंग जसाच्या तसा. मी तोंडात बोटं घातली. घरी येऊन हिशोब केला तर ३३,०४० रुपये. कोणी केलंय का?

वाशिष्ठीकाठचा

मी केलंय, दोन वर्षं झाली. पावसाळ्यात चिखल एका पाइपात निघतो, एवढं सुख नक्की. ओरखडे मात्र आलेत. वॉरंटी मागायला गेलो तर म्हणे सहा महिन्यांची एक सर्व्हिस चुकली, वॉरंटी रद्द. ती अट कागदाच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात.

भोसरीचा_म्हातारा

अहो शेंडेफळ, २६ वर्षं गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काढली, शेवटची नऊ लॅबमध्ये. ते ९एच म्हणजे हिरा नव्हे, पेन्सिल आहे. शाळेतली एचबी असते ना, तिच्याच घराण्यातली. टेस्ट अशी असते: पेन्सिलीचं लाकूड तासून शिसं पाचेक मिलिमीटर उघडं करायचं. टोक काढायचं नाही, उलट पॉलिश पेपरवर उभं धरून सपाट घासायचं. मग ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅम वजनाखाली रंगावरून ढकलायचं. एकेक पेन्सिल बदलत जायचं, आणि रंगाला न ओरखडणारी सगळ्यात कडक पेन्सिल कुठली तेवढं लिहून ठेवायचं. ही पट्टी ९बीपासून ९एचपर्यंत. हिऱ्याचा दहा नंबर मोज (Mohs) नावाच्या शास्त्रज्ञाच्या कडकपणाच्या पट्टीवरचा, तो खनिजांचा हिशोब वेगळाच. ९एच पेन्सिलीने खिडकीची साधी काच ओरखडून दाखवा, चहा माझ्याकडून. त्या मोजच्या पट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, आणि रस्त्यावरच्या धुळीतली क्वार्ट्झची रेती सात. आता तुम्हीच ठरवा कोण कोणाला खाणार.

जाडीचं बघा. पत्र्यावर ईडी (गंज रोखणारा पहिला थर), मग प्रायमर, मग रंग, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन, त्यात क्लिअर चाळीसेक. बाटलीतून पुसून लावलेलं सिरॅमिक बहुतेक वेळा एक-दोन मायक्रॉन. एवढासा पापुद्रा एक्सप्रेसवेवर उडालेला खडा अडवणार? खड्यासाठी पीपीएफ लागते, दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म. तिचं कोटेशन ऐकलंत तर रिक्षाने फिराल.

आगीचा खेळ तर जत्रेतला. जळते ती तेलाची वाफ, खालचा पत्रा उष्णता ओढून घेतो, आणि चार सेकंदांत फडका पडतो. क्लिअर कोट आम्ही भट्टीत १४० अंशांना वीस-वीस मिनिटं भाजायचो, तो त्या काडीला काय भीक घालणार! कोटिंग नसलेल्या गाडीवरही तसंच दिसेल. (करून बघू नका. वायपरचं रबर पेटेल आणि मला शिव्या घालाल.)

पाणी घरंगळतं हे खरं, चकाकी येते हेही खरं. पण तेच मोती उन्हात जागच्या जागी सुकले की बोअरच्या क्षाराचे पांढरे ठिपके उरतात. काळ्या बॉनेटवर तर उठून दिसतात.

तुमच्या रंगाचा खरा वैरी पहाटे साडेपाचला सोसायटीत येतो. एक बादली, एक फडका, बावीस गाड्या. पहिल्या गाडीची रेती बाविसाव्या गाडीवर फिरते. रात्री ट्यूबलाइटखाली बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते त्या फडक्याचं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, आपण त्याला पाणीच तेवढं देतो. दोन बादल्या, शाम्पू, दोन मायक्रोफायबर घ्या आणि रविवारी स्वतः धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, हात नंतर लावायचा.

रंकाळा_डिटेलिंग

माझा धंदाच हा आहे, तरी काकांना +१. आमच्याकडे पैसे बाटलीचे कमी, मेहनतीचे जास्त: धुणं, क्ले मारणं (चिकट मातीसारख्या वडीने रंगात रुतलेली घाण काढणं), पॉलिश, मग कोटिंग, मग सुकायला वेळ. शोरूमवाल्याला विचारा, पॉलिश करणार का आणि गाडी किती वेळ ठेवून घेणार. "दोन तासांत देतो सर" म्हणाला तर उठून या. आणि "धुवायची गरज नाही" म्हणणाऱ्याने आयुष्यात गाडी धुतलेली नसते.

शेंडेफळ_नाशिक

सगळ्यांचे आभार. आज त्या पोराला फोन केला. म्हटलं, "ओरखडा येणार नाही" एवढं एक वाक्य लेटरहेडवर लिहून दे, लगेच पैसे भरतो. आधी "सर, मॅनेजरशी बोलतो". दहा मिनिटांनी फोन आला, २८चे १९ झाले होते. लेटरहेडचं पुन्हा विचारलं तर रेंज गेली.

भोसरीच्या काकांसाठी: लेकीच्या ड्रॉइंगच्या डब्यातल्या पेन्सिली घेऊन वडिलांच्या जुन्या गाडीवर तुमची टेस्ट केली. वजन अंदाजाने, हाताचंच. एचबीने नुसती काळी रेघ, बोटाने पुसली गेली. २एचलाही तेच. ४एचने मात्र खरा चरा पडला, नख अडकतंय. वडिलांनी अजून पाहिलेला नाही. तो कशाने बुजवू, तेवढं सांगा.