वाड्याच्या चौकात आरशांचे तुकडे लावावेत का?

तिवंधेकर: आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. चौकात दुपारचा तासभर सोडला तर ऊन नाही. एका भिंतीला ओल, पोपडे सुटलेत. काकांना ऑइलपेंट मारायचाय (त्यांचं सगळ्यावर तेच औषध). माझ्या डोक्यात मात्र पोलंडमधल्या वूच शहरातला ‘पासाझ रूझी’ बसलाय. पिओत्रकोव्स्का रस्त्यावर, ३ नंबरला. योआन्ना रायकोव्स्का या कलाकार बाईने तिथल्या चौकाच्या भिंती आरशांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांनी मढवल्यात. तिच्या मुलीला, रोझाला, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झाला होता. त्या कामाचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे जमेल का? उजेड तरी वाढेल.

गंगाघाट: शेजाऱ्यांना विचारलंत? आमच्या समोरच्या इमारतीला काचा लागल्यापासून चार वाजता उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, आईला ओट्यापाशी उभं राहवत नाही. आणि खाली हाताशी लावू नका, पोरं खेळतात.

चुनखडी: वाडे दुरुस्त करतो म्हणून सांगतो. आधी ओल कुठून येते ते बघा. बहुतेक वेळा पन्हळ फुटलेली असते, नाहीतर जोत्याशी पाणी साचतं. जुन्या विटा-मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट काय आणि सिमेंटवर चिकटवलेले आरसे काय, ओल आत कोंडते. मग काठापासून आरशाचा पारा उडून काळे डाग पडतात. भिंत उकरून चुन्याचा गिलावा करा, एक पावसाळा जाऊ द्या. आरसे हवेतच तर भिंतीपासून बोटभर सुटी चौकट ठोका, त्यावर सिमेंटची शीट, शीटवर तुकडे. तुकडे चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येतो ते पारा खातं. आणि सगळ्या भिंती कशाला? वूचचं बघून भारावायला होतं, पण तिथे कारण होतं. तुम्हाला उजेड हवाय, तो पांढऱ्या चुन्यानेही येतो.

गंगाघाट: पन्हळ बदलायचीच आहे तर जर्मनीत ड्रेस्डेनचा कुन्स्टहोफ बघा. निळ्या भिंतीवर नळ्या नि नरसाळी, पावसाचं पाणी त्यातून वाजत खाली येतं.

चुनखडी: आणि चोंदलं की शिडी कोण लावणार?

तिवंधेकर: शिडी मीच लावतो दरवर्षी. पन्हळ आणि चुना आधी, हे पटलं. आरसे फक्त जिन्यालगतच्या कोरड्या भिंतीला, डोक्याच्या वर. चुनखडीदादा, गिलाव्यात गूळ-बेलफळ खरंच घालता, की ते नुसतं सांगायला?