कृष्णऊर्जा आणि कृष्णद्रव्यातली देवाणघेवाण
प्रश्न असा आहे की कृष्णद्रव्यातून (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) कृष्णऊर्जेकडे (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारं अज्ञात काहीतरी) ऊर्जा जात असेल, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही का? नाही मोडत. एकाच्या समीकरणात जेवढं वजा होतं, तेवढंच दुसऱ्याच्यात अधिक होतं.

खरी मेख मोजमापात आहे. विश्वातली अंतरं दुप्पट झाली की आकारमान आठपट होतं, म्हणून द्रव्याची घनता १/८ उरते, असं आपण धरून चालतो. देवाणघेवाण असेल तर ती बरोबर १/८ उरणार नाही, किंचित कमी-जास्त असेल. तो फरक आपण नकळत कृष्णऊर्जेच्या खात्यावर टाकतो आणि मग तीच काळानुसार बदलतेय असं दिसू लागतं.

म्हणूनच अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतल्या 'डेसी' या दीर्घिकांची अंतरं मोजणाऱ्या उपकरणाचे २०२५चे निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. प्रकाश टिपणारे ५,००० प्रकाशतंतू, १.४ कोटींहून जास्त दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं)! सुपरनोव्हांच्या (अंतर मोजायला वापरतात त्या ताऱ्यांच्या स्फोटांच्या) नोंदींचा कुठला संच जोडला त्यानुसार बदलत्या कृष्णऊर्जेकडचा कल २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसण्याच्या खात्रीचं माप) येतो. शोध म्हणायला ५ लागतात, तेव्हा घाई नको.

हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या आजच्या प्रसरणाचा दर, ६७ की ७३ हा वाद मात्र एवढ्या देवाणघेवाणीने मिटेल असं मला वाटत नाही. दीर्घिकांचे पुंजके किती वेगाने जमत गेले, हेही देवाणघेवाणीच्या त्याच मॉडेलमधून बरोबर निघायला हवं.