शब्दचर्चा : 'मंदक्रोध' म्हणजे नेमकं काय?

मिरजेहून :
रविवारच्या उपासनेत बायबलमधल्या नहेम्या या पुस्तकाचा ९ वा अध्याय वाचला. १७ व्या वचनात देवाला 'मंदक्रोध' म्हटलंय. आमच्या तरुण पोरांना 'मंद' म्हटलं की मंदबुद्धी आठवते, नाहीतर मंद आच. एकानं विचारलं, देवाचा राग मिणमिणता असतो का? सरळ 'सहनशील' का म्हणत नाहीत?

तासगावहून :
'मंद' म्हणजे इथे कमी नव्हे, सावकाश. 'मंदगती' आठवा. ज्याचा क्रोध सावकाश येतो तो मंदक्रोध, बहुव्रीही समास. राग येतो आणि पुरता येतो, पण उशिरा. 'सहनशील' मला इथे तोकडा वाटतो. ज्याच्या हातात काहीच नाही तोही सहन करतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. ज्याला शिक्षा करता येते आणि तरी जो थांबतो, तो मंदक्रोध.

साताऱ्याहून :
मूळ हिब्रू शब्द 'एरेख अप्पायिम'. 'एरेख' म्हणजे लांब, आणि 'अप्पायिम' हे 'अफ'चं रूप. 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजे रागही. शब्दशः पाहिलं तर 'लांब नाकाचा'. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. बायबलच्याच 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात उलटे शब्दही आहेत : १७ व्या वचनात 'आखूड नाकाचा', म्हणजे शीघ्रकोपी, आणि २९ व्यात मंदक्रोधासमोर 'आखूड श्वासाचा' माणूस उभा केलाय. म्हणून मला आपल्या बोलीतलं 'दमानं घेणारा' हे फार जवळचं वाटतं. दम म्हणजे श्वासच की. पोरांना हेच सांगा ताई, लगेच कळेल.

मिरजेहून :
सांगते दादा. पण त्याच वचनात लोकांनी 'मान ताठ केली' असंही आहे. पोरांना ते कौतुकाचं वाटलं. आपण ताठ मानेनं जगा असंच शिकवतो ना.

पलूसहून :
तिथली ताठ मान स्वाभिमानाची नाही. नवा खोंड जुवाखाली मान द्यायला तयार नसतो, ती ताठ मान. आणि हे लोक, म्हणजे इस्राएली, काय करत होते बघा : मिसरातून (इजिप्तमधून) सुटका झालेली, तरी पुन्हा त्याच गुलामीत जायला पुढारी नेमायला निघाले. सोन्याचं वासरू करून 'हाच तुझा देव' म्हणाले.

त्यानंतरची वचनं माझ्या मते या शब्दाचा खरा अर्थ सांगतात. देवानं मान्ना, म्हणजे रानात रोज मिळणारं अन्न, बंद केला नाही, पाणी तोडलं नाही. ४० वर्षं रानात त्यांचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. मंदक्रोध म्हणजे नुसता राग आवरून बसलेला नव्हे. समोरचा तोंड फिरवून बसलाय तरी त्याच्या पोटाला घालणारा.

तासगावहून :
हे फार नेमकं सांगितलंत. फक्त 'खपवून घेणारा' किंवा 'पाठीशी घालणारा' असा अर्थ कोणी काढू नये. निर्गम ३४:६ मध्ये 'मंदक्रोध' येतो आणि लगेच ७ व्या वचनात अपराध्याची गय न करण्याचंही बोललंय. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (२:४) प्रेषित पौल कारण सांगतो : ही सहनशीलता माणसाला पश्चात्तापाकडे आणण्यासाठी आहे. म्हणजे मुदत आहे, माफी गृहीत नाही.

साताऱ्याहून :
त्याला पुरावा निनवे शहराचा, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूच्या, अश्शूरच्या राजधानीचा. योना ४:२ मध्ये योना संदेष्टा देवाला मंदक्रोध म्हणतो, पण तक्रार म्हणून! निनवेकरांनी पश्चात्ताप केला, देवानं शहर राखलं, म्हणून तो चिडलाय. शत्रूला मिळालेली सवलत त्याला सोसत नाही. पुढे नहूम संदेष्टा त्याच निनवेविषयी बोलतो, १:३ मध्ये तोच शब्द वापरतो आणि लगेच म्हणतो की देव अपराध्याची गय करत नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं. पोरांना योना आणि नहूम एका बैठकीत वाचायला द्या. दोन्ही मिळून सातच अध्याय आहेत.