तालीत, म्हणजे ज्यूंची प्रार्थनेची शाल, पांघरली की माणूस रब्बी (ज्यू धर्मगुरू) होतो का?

रूथ_पुणे: सर्वांना सलाम. माझी मावशी तिच्या जुन्या बायबलमधे मत्तयापासून "येशू" खोडून निळ्या पेनने "येशुआ" लिहीत सुटलीय, आता मार्कपर्यंत आलीय. कारण काय तर एक मेसिॲनिक, म्हणजे येशूला मसीहा मानून ज्यू रीती पाळणारे, शिक्षक आहेत, स्वतःच स्वतःला रब्बी म्हणवतात, तालीत पांघरून शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं शिंग) फुंकून व्हिडिओ सुरू करतात, त्यांनी सांगितलं की येशू हे नाव झ्यूस या ग्रीक देवावरून आलंय. साफ खोटं आहे हे! ग्रीकमधे "श" नाही आणि पुरुषाच्या नावाला शेवटी "स" लागतो म्हणून येशुआ या मूळ हिब्रू नावाचं येसूस झालं, बस. ख्रिस्तजन्माच्या आधी ज्यूंनीच यहोशवाचं पुस्तक ग्रीकमधे नेलं त्यातही यहोशवाला येसूसच म्हटलंय, येशुआ हे यहोशवाचंच आखूड रूप. आणि आपल्या मराठी "येशू"मधे तर तो श जसाच्या तसा आहे, मग मावशीने खोडलं काय? मी हे त्यांना नम्रपणे विचारलं तर सरळ ब्लॉक. माझं म्हणणं, यांना कोणी नेमलं, हे कोणाला उत्तर देतात आणि चूक दाखवली तर काय करतात हे बघितल्याशिवाय कोणाला शिक्षक मानू नये.

साधा_विश्वासी: रूथताई, मावशीचं वाचून वाईट वाटलं पण तुमची कसोटी मला पटत नाही. पेत्र आणि योहान निरक्षर, अज्ञानी होते असं प्रेषितांची कृत्ये 4:13 मधेच लिहिलंय, संदेष्टा आमोस तर गुरं राखणारा. त्यांना कोणी नेमलं होतं? पंडिता रमाबाईंनी तरी कुठल्या सेमिनरीची परवानगी घेतली? मी 20 वर्षं चर्चमधे बसलो, लेवीय 23 मधले सण मला कोणी धड समजावले नाहीत, ते याच लोकांनी समजावले. वल्हांडण म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं आणि मी रडलो होतो.

रूथ_पुणे: दादा, रमाबाईंचंच घ्या ना. त्या हिब्रू, ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत बसल्या, 1922 मधे गेल्या तोपर्यंत तेच काम चालू होतं, आणि केडगावच्या छापखान्यात ओळन्‌ओळ छापून लोकांपुढे ठेवली. ज्याला हिब्रू येतं त्याने ताडून बघावं. पदवी मी मागतच नाहीये, ताडून बघू द्या एवढंच मागतेय. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांनी तर प्रेषित पौलाची शिकवणही शास्त्राशी ताडून पाहिली.

अश्दोदकर: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आजी अलिबागची, आता इस्रायलमधे असतो. ख्रिस्ताला मानत नाही, तरी बोलतो. आमच्यात रब्बी व्हायला स्मिखा लागते, म्हणजे आधीच्या रब्बीने परीक्षा घेऊन दिलेला अधिकार. 2012 मधे अटलांटाजवळच्या एका चर्चमधे राल्फ मेसर या मेसिॲनिक शिक्षकाने बिशप एडी लाँग यांच्या अंगाभोवती तोराची (आमच्या पवित्र शास्त्राची) हस्तलिखित गुंडाळी लपेटली आणि त्यांना राजा म्हणून खुर्चीवर बसवून उचललं. ते बघून माझ्या पोटात कालवलं. आम्ही वाचतानासुद्धा त्या चर्मपत्राला बोट लावत नाही, चांदीच्या काडीने ओळ दाखवतो. नंतर लाँग यांनी ज्यू संघटनेला पत्र लिहून माफी मागितली, पण तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांना हे चूक आहे हे कळणार कसं?
नावाबद्दल एक, इथे इस्रायलमधे रोजच्या हिब्रूत "येशू"च म्हणतात. इथले मेसिॲनिक लोक "येशुआ" म्हणतात कारण "येशू" हे आखूड रूप त्यांना अपमानाचं वाटतं. हे कारण खरं आहे. झ्यूसचं नाही.

साधा_विश्वासी: अश्दोदकर भाऊ, तो प्रकार चुकीचाच, मी समर्थन करत नाही. पण एकामुळे सगळे एका माळेचे मणी कसे? अमेरिकेत 1979 पासून मेसिॲनिक मंडळ्यांची युनियन आहे, रीतसर शिकलेले लोक आहेत. आणि आपले रीतसर दीक्षित पाळक चुकत नाहीत का? त्यांना हे प्रश्न कोणी विचारतं का सांगा.

रूथ_पुणे: विचारायलाच पाहिजेत, हे तुमचं मान्य, माझ्याकडून ते राहून जातं. पण मत्तय 23:8 मधे प्रभूने स्वतः सांगितलं की रब्बी म्हणवून घेऊ नका, आणि त्याचंच नाव सुधारायला निघालेला माणूस ते बिरुद आधी लावतो, हे मला गिळवत नाही.

साधा_विश्वासी: मग आपल्या पाळकांना रेव्हरंड हे बिरुदही नको ताई.

रूथ_पुणे: नको तर नको, माझी तयारी आहे. रविवारी मावशीकडे चाललेय. पेन काढून घेणार नाही, "येशुआ" म्हणायचं तर खुशाल म्हण सांगेन. फक्त ग्रीक यहोशवाचं पहिलं पान प्रिंट करून नेतेय, तिच्या शेजारी बसून एकेक अक्षर लावू.