मदत हवी आहे: कॉलनीच्या खासगी रस्त्यातून शॉर्टकट मारणाऱ्यांना दंड करता येतो का?

बोळातला

नमस्कार. लांबलचक आहे, पण मधलं गाळलं तर कळायचं नाही.

सांगलीत संजयनगरच्या बाजूला आमची चौदा घरांची कॉलनी आहे. 1996 साली गुंठेवारीत (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकतात ती) घेतलेले प्लॉट, मधून पंधरा फुटी बोळ. त्यात मुरूम टाकला तो आम्ही, खडी टाकली ती आम्ही आणि सहा वर्षांपूर्वी घरटी अठरा हजार काढून काँक्रीट केलं तेही आम्हीच. बोळ मागं एका मळ्याला लागतो आणि मळ्याच्या कडेकडेनं पलीकडच्या रस्त्याला निघतो. हे पूर्वी आम्ही, मळेवाले आप्पा आणि त्यांच्या म्हशी सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मग चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नव्यानं बांधायला पाडला. जो तो वाट हुडकत होता, त्यात कुणीतरी आमचा बोळ हुडकला. तेव्हा आम्ही काही बोललो नाही, अडचण सगळ्या गावाची होती. पण पूल सुरू झाला तरी लोकांची सवय सुटेना. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी क्लास सुटले की बुलेटी, स्कूटर, शाळेच्या रिक्षा, सगळं आमच्या कट्ट्याला घासून जातं. गेल्या महिन्यात हळदीची पोती भरलेला टेम्पो आत घुसला, चेंबरचं झाकण फोडलं आणि मागं न बघता गेला. माझी आई 81 वर्षांची. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची, आता आतच बसते.

शेवटी मीटिंग घेतली आणि मळ्याकडच्या तोंडाला बोर्ड लावला: ‘खासगी रस्ता. बाहेरच्या वाहनांस प्रवेश नाही. दंड रु. 500.’ पहिल्या आठवड्यात तिघांकडून घेतलेही. पावती म्हणून गणपतीच्या वर्गणीचं उरलेलं पुस्तक वापरलं (हसू नका). चौथा गडी मात्र वस्ताद निघाला. “कुठल्या कलमाखाली?” म्हणाला. आमच्यात कुणाला सांगता येईना, मग जाऊ दिलं.

तर असा दंड आम्हाला घेता येतो का? आम्हाला नाही तर ट्रॅफिक पोलिसांना करता येतो का? तेही नसेल तर करायचं काय? दोघातिघांचं म्हणणं आहे की रात्री साखळी लावून टाकावी.

बुलेटवाला माधवनगर

मालक, मी बहुतेक तुमच्याच बोळातनं जातो. सायलेन्सर कंपनीचाच आहे, शपथ. पण आम्हाला कसं कळणार रस्ता खासगी आहे? मॅप तिकडनंच नेतो. गूगल मॅपवर रस्ता खासगी असल्याचं कळवता येतं, ते आधी करा, निम्मी गर्दी तिथंच कमी होईल. पाचशे मात्र मी देणार नाही.

काळा कोट

‘दंड’ हा शब्द आधी बोर्डावरून पुसा. दंड करायला कायद्यानं अधिकार दिलेला लागतो. गृहनिर्माण संस्था सभासदाला उपविधीप्रमाणे दंड लावू शकते, कारण सभासद होताना त्यानं ते मान्य केलेलं असतं. वाटेनं जाणाऱ्यानं तुमच्याशी कसला करार केलाय? गाडी अडवून “पाचशे दे, मग सोडतो” म्हणालात तर भारतीय न्याय संहितेचं कलम 126 तुमच्यावरच येतं. अन्यायानं अडवणूक: एक महिन्यापर्यंत साधी कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खंडणीची तक्रार देणाराही एखादा भेटतो. तुमचा चौथा गडी भला म्हणायचा, नुसता प्रश्न विचारून गेला.

गंमत म्हणजे त्याच कलमात तुमच्या बाजूचा अपवाद आहे. खासगी वाट अडवायचा आपल्याला हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून कुणी ती अडवली, तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे फाटक लावून आत येऊच न देणं वेगळं आणि आत आलेल्याला कोंडून पैसे मागणं वेगळं.

आता गाडीवाल्याचं. नुसता शॉर्टकट मारला म्हणून मोटार वाहन कायद्यात गुन्हा नाही. फौजदारी अतिक्रमण म्हणाल तर न्याय संहितेचं कलम 329, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याला हेतू लागतो: गुन्हा करायचा, नाहीतर जागा ज्याच्या कबज्यात आहे त्याला धमकवायचा, त्याचा अपमान करायचा किंवा त्याला त्रास द्यायचा. कामावर उशीर झाला म्हणून घुसलेल्याचा हेतू लवकर पोचायचं, एवढाच. तोंडावर नको सांगितल्यावरही मुद्दाम हॉर्न दाबत चार फेऱ्या मारणारा असेल तर गोष्ट निराळी. दिवाणीत मनाई हुकूम मागता येतो, पण तो ओळखीच्या माणसाविरुद्ध. रोज नवा येणाऱ्याला कुठं समन्स बजावणार? झाकणाची भरपाई मात्र टेम्पोवाल्याकडून नक्की मागता येईल. नंबर टिपलाय का?

बोळातला

एमएच 10 एवढाच दिसला. तो अख्ख्या जिल्ह्याचा आहे.

सातासमुद्रापारचा सांगलीकर

इकडं अमेरिकेत यावर सरळ पावती फाडतात. टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत सिग्नल टाळायला कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपातनं गाडी काढली तर तो वाहतुकीचा गुन्हा आहे. माझ्या मेहुण्याला बसला होता दंड. सांगलीत आला की मात्र हाच मेहुणा पंपातनं गाडी काढतो.

साखळीवाला (निवृत्त)

नावावर जाऊ नका, मी जमीन मोजायच्या साखळीतला. तीस वर्षं मोजणी खात्यात काढली.

तुम्ही सगळे कलमांवर बोलताय, पण रस्ता खासगी आहे हे ठरवलं कुणी? काँक्रीट तुम्ही केलं म्हणून रस्ता तुमचा होत नाही आणि बोर्ड लावला म्हणून तर नाहीच. गुंठेवारीत हाच घोळ असतो. विकणाऱ्यानं चुन्याची रेघ मारून ‘हा रस्ता’ म्हणून दाखवलेलं असतं आणि सातबाऱ्यावर जमीन अजून त्याच्याच आजोबांच्या नावावर असते. महापालिकेनं दिवे किंवा ड्रेनेज टाकलंय का तेही बघा. सिटी सर्व्हेत (नगर भूमापन कार्यालयात) जाऊन बोळाचा उतारा काढा आणि जोडीला जुना गाव नकाशा बघा. नकाशात एकेरी तुटक रेघ असेल तर पायवाट, दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीवाट. त्या कॉलनीच्या आधीच्या असतात आणि कॉलनी झाली म्हणून मरत नाहीत.

दुसरं, ते मळेवाले आप्पा. त्यांना चुकूनही अडवू नका. सुविधाधिकार कायदा 1882 सालचा आहे. वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, विनाअडथळा वाट वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क लागू होतो. शेताची वाट अडवली म्हणून ते तहसीलदारांकडं मामलतदार न्यायालय कायद्याखाली गेले, तर अडथळा काढायचा हुकूम होऊ शकतो. पण हा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, गाडीला नाही. बुलेटवाल्याचा मळा नाही, त्यामुळं त्यानं वीस वर्षं वाट बघून उपयोग नाही.

बुलेटवाला माधवनगर

काका, माझाच विषय का?

हळदीकुंकू

साखळी लावू नका हो. माझ्या दिरांनी मिरजेत रात्री अशीच एक साखळी छातीवर घेतली. लाइट गेलेली, साखळीला ना चिंधी ना रेडियम. खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. ज्यांनी लावली ते म्हणाले, आमच्या जागेत आमची साखळी. पोलिसांत गेल्यावर तीच माणसं दवाखान्यात नारळपाणी घेऊन आली. आणि समजा तुमच्या आईंसाठीच रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली, तर किल्ली कुणाच्या घरी? लावायचंच तर दिसणारं फाटक लावा, रेडियमच्या पट्ट्यांचं.

गतिरोधकही उरलेलं सिमेंट ओतून करू नका. इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे चढ कळतो पण दणका बसत नाही. आपल्याकडं उंची दुप्पट आणि रुंदी वीतभर.

बोळातला

साखळी रद्द, आजच सांगतो. काळा कोट साहेब, एक राहिलं. क्लासची पोरं सोळा वर्षांची पण नसतात, ट्रिपल सीट जातात. खासगी जागेत ट्रॅफिक पोलीस काही करू शकत नाहीत असं एकानं सांगितलं.

काळा कोट

अर्धवट सांगितलं. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या कलम 2(34) मध्ये आहे, जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती जागा. अपघाताच्या विम्यासंदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 1988 मध्ये तिचा अर्थ बराच ऐसपैस लावला: मालकी खासगी असली तरी लोक जिथं येजा करू शकतात ती सार्वजनिक जागा, मग ती मोकळी असो की नियंत्रित. सगळं संजयनगर जातंय त्या बोळाला पूर्ण खासगी म्हणणं अवघडच.

त्या पोरांचं म्हणाल तर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली की पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. हा दंड वयाचा आहे, शॉर्टकटचा नाही. शॉर्टकटवर पोलिसांनी पावती फाडायची तर तिथं रीतसर प्रवेशबंदीचा फलक पाहिजे. तो तुमचा पत्र्याचा बोर्ड नव्हे, सक्षम अधिकाऱ्यानं काढलेल्या आदेशाचा फलक. तो मोडला तर पहिल्या वेळी 500, पुन्हा मोडला तर 1,500. जड वाहनांसाठी तसा अर्ज महापालिकेला आणि वाहतूक शाखेला द्या. झाकणाचा फोटो जोडा.

बोळातला

(तीन आठवड्यांनी)

साखळीवाले काका, तुमचे पाय कुठं आहेत?

सिटी सर्व्हेत दोन हेलपाटे घातले. चौदाव्या प्लॉटपर्यंतचा बोळ आमच्या रेखांकनात अंतर्गत रस्ता म्हणून आहे, महापालिकेकडं अजून वर्ग झालेला नाही. तिथून पुढं मळ्यापर्यंत मात्र जुन्या नकाशात दुहेरी तुटक रेघ आहे. गाडीवाट! आप्पा दहा वर्षं हेच सांगत होते आणि आम्ही त्यांच्याशी म्हशींच्या शेणावरनं भांडत होतो. आमचा बोर्ड रोवलेला होता तो बरोबर त्या गाडीवाटेत. म्हणजे पाचशे रुपये आम्ही घेतले ते आमच्या जागेत पण नाही.

बोर्ड उपटला. आता चौदाव्या प्लॉटजवळ साधी पाटी आहे, ‘पुढे लहान मुले व वृद्ध, सावकाश जा’. जड वाहनांचा अर्ज दिलाय, पोच घेतली. मॅपवर आमचा तेवढा तुकडा खासगी म्हणून कळवलाय. फाटकाबद्दल सहा घरं हो म्हणतात, आठ नाही, कारण आमचेच पाव्हणे मागच्या बाजूनं येतात. आई परवा थोडा वेळ दारात बसली होती.

राहिले ते 1,500 रुपये. पावतीपुस्तकात दोघांची नावं आहेत, त्यातल्या एकाला परत देऊन आलो. त्यानं आधी घेतले नाहीत, गणपतीची वर्गणी समजून दिले म्हणाला. तिसऱ्याच्या पावतीवर नुसतं ‘स्प्लेंडरवाला’ लिहिलंय. इथं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.