विषय: गणेशोत्सवाची शिल्लक – करंडकाऐवजी एक विनंती

प्रेषक: सभासद, स्लाऊ

नमस्कार मंडळी,

खजिनदारकाकांनी मंडळाच्या मेल-यादीवर पाठवलेला गणेशोत्सवाचा हिशोब वाचला. अडीच हजार पौंड शिल्लक आहेत, आणि त्यातून मुलांच्या नाट्यस्पर्धेसाठी फिरता करंडक करावा असं समितीचं मत दिसतंय. मला त्याबद्दल बोलायचंय. मेल जरा लांबेल.

मी इथल्या फिल्म-टीव्हीच्या वेशभूषा विभागात काम करते. पाइनवूड स्टुडिओ 1936 पासून आयव्हर हीथला आहे, आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या स्लाऊची जवळपास निम्मी वस्ती आशियाई. पण पहाटे सेटवर नाश्त्याच्या रांगेत उभी राहिले की स्लाऊचं पोर क्वचितच दिसतं. दिसतात ती कुणाची तरी मुलं, कुणाचे तरी भाचे. बाबा कॅमेऱ्यावर, काका ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याचे रूळ-स्टँड सांभाळणारे. ही माणसं वाईट नाहीत, मला त्यांनी खूप शिकवलंय. पण या धंद्यात कामं अशीच मिळतात. शुक्रवारी रात्री फोन येतो, सोमवारी कुणी मोकळं आहे का? ज्याचं नाव पटकन आठवतं त्याला बोलावणं जातं. जाहिरात निघतच नाही. ज्या घराला या जगात एकही माणूस ओळखत नाही, त्या घरातल्या मुलाचं नाव आठवणार कुणाला?

माझं पहिलं काम 'खर्च देऊ, पगार नाही' अशा बोलीवर होतं. आठ आठवडे. हे बेकायदा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुढे 2009 साली रेडिंगच्या कामगार लवादाने अशाच बोलीवर कला विभागात काम केलेल्या एका मुलीला किमान वेतन मिळालंच पाहिजे असा निकाल दिला, तेव्हा कळलं. ते आठ आठवडे मी टिकले ते मंडळातल्या एका मावशींमुळे. त्यांनी खोली दिली, भाड्याचं नाव काढलं नाही आणि पहाटे साडेचारला डबा हातात दिला. त्या नसत्या तर मी तिसऱ्या आठवड्यात घरी परतले असते.

म्हणून माझी विनंती अशी. रनर म्हणून, म्हणजे सेटवरची पडेल ती धावपळीची कामं करत, सुरुवात करायची तर गाडी चालवता येणं बहुतेक ठिकाणी पहिली अट असते. सेट आडबाजूला, बोलावणं पहाटे सहाचं, त्या वेळी बस नाही. शिकाऊ परवाना 34 पौंड, लेखी परीक्षा 23, रस्त्यावरची 62. खरा खर्च शिकवणीचा आणि त्याहून जास्त विम्याचा. ज्या घरात दोन पगारांत तारेवरची कसरत चालते तिथे मुलाचं स्वप्न इथेच अडतं. मंडळाने दोन-तीन मुलांची शिकवणी भरावी, कुणी काही आठवड्यांसाठी खोली द्यावी. मी माझ्या विभागप्रमुखांशी त्यांची गाठ घालून देईन. करंडक ज्याला मिळेल त्याच्या कपाटात राहील.

प्रेषक: खजिनदार

ताई, तुमची तळमळ पोचली. पण माझ्या दोन अडचणी आहेत, त्या मांडतो.

एक, शिलकीतला बराच पैसा लोकांनी गणपतीसाठी म्हणून दिलाय. नोंदणीकृत संस्था आहोत आपण. ज्या कारणासाठी देणगी घेतली त्याच कारणासाठी ती खर्च करावी लागते.

दुसरी जरा अवघड आहे. ज्यांना संधीच मिळत नाही त्यांच्यात आपली मुलं मोडतात का? आपल्या यादीवर डॉक्टर, आयटीवाले, बँकवाले. जिद्द असली की वाट सापडते. 'स्लमडॉग मिलियनेअर'चा नायक देव पटेल हॅरोचाच. त्याच्या आईने मेट्रो वर्तमानपत्रात निवडचाचणीची जाहिरात पाहिली आणि तिथून त्याचं सगळं सुरू झालं.

प्रेषक: सभासद, हेज

काका, देव पटेलचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यातच उत्तर आहे. जाहिरात आईने पाहिली आणि ती त्याला घेऊन गेली. त्याच्या मागे एक मोठं माणूस उभं होतं. मी एका वखारीत रात्रपाळी करते, नवरा डिलिव्हरी व्हॅन चालवतो. आम्हीही मंडळाचेच सभासद आहोत, पण मेल लिहायची वेळ कधी आली नाही.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी एकांकिकेला दिवे तिनेच लावले होते. अभिनय तिला करायचाच नाही. तिला प्रकाशयोजना करायचीये. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, छंद म्हणून ठेव. बीएफआय, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या, तरुणांना फिल्म शिकवणाऱ्या अकादमीबद्दल मला या महिन्यात कळलं, तेही ग्रंथालयात लावलेल्या कागदावरून. ताई, दिव्यांच्या विभागात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? एक दिवस नुसतं बघायला मिळालं तरी तिला खूप होईल.

प्रेषक: सभासद, हाउन्स्लो

सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी या यादीवर दोन वर्षं आहे, आज पहिल्यांदा लिहितोय. खजिनदारकाकांनी 'आपली मुलं' म्हटलं, तिथे थांबावंसं वाटलं. आमचं कुटुंब बौद्ध आहे. गणेशोत्सवाला आम्ही येत नाही, त्यामुळे मंडळाच्या मंचावर आमची मुलं कुणाला दिसत नाहीत. यात कुणाचा दोष काढत नाही. पण ताई म्हणतात तसं नाव आठवण्यावर सगळं ठरत असेल, तर मंडळातही तेच होतंय. एकांकिकेच्या तालमीला ज्यांची मुलं येतात त्यांनाच संधी मिळणार.

नागराज मंजुळेंनी फँड्री (2013) या त्यांच्या सिनेमाचा नायक जब्या शोधला तो अभिनयाच्या वर्गात नव्हे. करमाळा तालुक्यातल्या गावात हलगी वाजवणारं पोर त्यांनी पाहिलं. बघणारा त्या मातीतला होता म्हणून त्याला ते दिसलं. इथेही तसं घडलंय. 1976 साली साउथॉलमध्ये अठरा वर्षांच्या शीख विद्यार्थ्याचा खून झाला, आणि त्यानंतर पुढच्याच वर्षी जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी तारा आर्ट्स ही नाट्यसंस्था उभी केली. कुणी बोलावण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

योजना करणार असाल तर तिची घोषणा गणपतीच्या मंडपात करू नका. विहारात, ग्रंथालयात, कॉलेजच्या फलकावर लावा. पत्रकं मी स्वतः वाटीन. आणि मराठी असण्याची अट घालू नये असं मला वाटतं. माझ्या मुलाचा जिवलग मित्र सोमाली आहे. दोघं मिळून मोबाइलवर फिल्म करतात. एकाला हात देऊन दुसऱ्याला दारात उभं ठेवायचं कसं?

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, वेंब्ली

मंडळी, मी निवृत्त लेखापाल. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिनेमाचा हिशोब ठेवणारी माणसंही लागतात, प्रॉडक्शन अकाउंटंट म्हणतात त्यांना. 2022 च्या सुमारास इथे त्यांचा तुटवडा होता. आपल्या घरांतली किती मुलं अकाउंट्स शिकतात आणि मन मारून ऑफिसात बसतात! आईवडिलांना पगाराची धाकधूक असते, ती या कामात बरीच कमी. हप्त्याचे पगार, पेटी कॅश, रोजचा खर्च-अहवाल, हे कुणाला शिकायचं असेल तर मी शनिवारी सकाळी शिकवीन. पैसे नकोत.

हेजच्या ताई, मुलगी अजून अठराची नाही. ती जिथे जाईल तिथे तुमची लेखी संमती असू दे आणि जबाबदार माणसाचं नाव-नंबर आधी घ्या. तिला एकटीला कुणाच्या गाडीत पाठवू नका. मंडळानेही हा नियम लिहूनच ठेवावा.

प्रेषक: सभासद, स्लाऊ

हेजच्या ताई, दिव्यांच्या विभागातल्या एका बाईंशी आजच बोलले. पंचवीस वर्षं काम केलेल्या आहेत, आणि सुरुवातीला सेटवर त्या एकट्याच बाई असायच्या. पुढच्या महिन्यात दिवे भाड्याने देणाऱ्या गोदामात मुलीला दिवसभर सोबत ठेवायला तयार आहेत. तुम्हीही या. तिला पोलादी टोकाचे बूट लागतील. नंबर सांगा, माझ्याकडे जोड्या आहेत.

हाउन्स्लोचे दादा, अटीबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. दोघांनी केलेली फिल्म मला पाठवाल का?

प्रेषक: खजिनदार

दोन दिवस विचार करत होतो. गणपतीसाठी आलेले पैसे मी हलवू शकत नाही, यावर मी ठाम आहे. पण वर्गणीतून उरलेले 900 पौंड सर्वसाधारण खात्यात आहेत. ते शिकवणीसाठी द्यावेत असा ठराव पुढच्या सभेत मी मांडतो. अनुमोदन हाउन्स्लोच्या दादांनी द्यावं, अशी माझी इच्छा आहे. करंडकाचा विषय मागे घेतो.

'आपली मुलं' हे मी विचार न करता लिहिलं. दादा, माफ करा.

मुलगा मँचेस्टरला गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी आहे. अक्सब्रिज स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. जानेवारीपासून कुणालाही देता येईल. पहाटेचा डबा आमच्या घरी मी करतो, मला साडेचारला जाग असतेच.