वेरूळसाठी खिशात मावणारे घडीपत्रक

प्रश्न (परभणी): शाळेच्या सहलीसाठी वेरूळचे छापील घडीपत्रक करायचे आहे. मोबाइल असताना कागद कशाला, असा सूर काहींनी लावला आहे. परंतु 34 लेणी एका नजरेत दाखवणे छोट्या पडद्याला जमत नाही, असे माझे मत आहे. आकार कोणता ठेवावा?

प्रतिसाद (लातूर): ए-4 कागद आठ भागांत दुमडल्यास 74 × 105 मिलिमीटरची घडी होते आणि ती सदऱ्याच्या खिशात सहज बसते. कागद 100 ते 130 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), शक्यतो मॅट घ्यावा, कारण चकचकीत कागद उन्हात वाचवत नाही. जाड कागदाला आधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणे) केले नाही, तर घडीवर शाई तडकते. मजकुराची ओळ घडीवर येऊ देऊ नका. बहुतेक पत्रके तिथेच फसतात.

प्रतिसाद (जालना): आतल्या पूर्ण बाजूला फक्त नकाशा द्यावा. बौद्ध 1 ते 12, हिंदू 13 ते 29 आणि जैन 30 ते 34, असे तीन रंग पुरेत. मुख्य प्रवेशद्वारातून समोर 16 क्रमांकाचे कैलास लेणे येते, म्हणून बाण तिथूनच सुरू करावा. जैन लेणी उत्तरेला बरीच दूर आहेत, हेही ठळक लिहावे.

प्रश्नकर्ता: मियुरा घडी, म्हणजे तिरप्या रेषांवर दुमडायची जपानी घडी, कशी वाटते?

प्रतिसाद (लातूर): कोपरे ओढताच उघडते, हे खरे, पण तिच्या तिरप्या रेषा हाताने घालताना छापखान्यातले कामगार वैतागतील.